प्रयोग झाला, निबंध राहिला

शोधनिबंध लिहायला शिकवणे हे स्वतंत्र काम आहे, याची जाणीव आपल्या विद्यापीठांना फार उशिरा झाली. प्रयोगाची मांडणी प्रयोगशाळेत शिकवली जाते, सांख्यिकीचा पेपर असतो, नवे उपकरण आले की कंपनीचा माणूस येऊन ते दाखवून जातो. लिहिणे मात्र ज्याचे त्याने शिकायचे, असे गृहीत धरलेले असते. ज्याला लाल शाईने मसुदा भरून परत करणारा गाइड लाभतो, तो शिकतो. बाकीचे छापलेले निबंध पुढ्यात ठेवून तसेच काहीतरी लिहू पाहतात. पण छापलेल्या निबंधात लेखकाने काय खोडले, कोणता तक्ता काढून टाकला, परीक्षकाच्या कोणत्या शेऱ्यामुळे परिच्छेद फिरवला, यातले काहीच दिसत नाही. शिकण्यासारखे असते ते नेमके तेवढेच.

सोलापुरात ही गरज किती प्रकारची आहे हे सहज दिसते. नवी पेठेतून निघून पुण्याच्या रस्त्याला लागले की शहराबाहेर केगाव येते. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ तिथेच आहे आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही तिथेच. विद्यापीठ 2004 सालचे, केंद्र 2005 सालचे. शहरात 1963 पासूनचे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र आहे, रब्बी ज्वारीवर काम करणारे केंद्र आहे. डाळिंबावरच्या तेल्या रोगाचा अभ्यास करणारा शास्त्रज्ञ, एमडीचा प्रबंध लिहिणारी निवासी डॉक्टर आणि पदोन्नतीसाठी गुणांची बेरीज करणारा महाविद्यालयीन प्राध्यापक, या तिघांनाही निबंध लिहायचाच आहे. पण तिघांचे वाचक वेगळे, नियतकालिके वेगळी आणि घाईची कारणेही वेगळी.

लिहून ठेवलेल्या संशोधनाचे मोल सोलापूरला नवे नाही. 1933 साली तेव्हाच्या इंपीरियल कृषी संशोधन परिषदेने देशात पाच ठिकाणी कोरडवाहू शेतीच्या संशोधनाची योजना सुरू केली. त्यात विजापूर, रायचूर, हगरी आणि रोहतक यांच्याबरोबर सोलापूर होते. बांधबंदिस्ती, पेरणीतले जादा अंतर, वारंवार कोळपणी या गोष्टी इथल्या काळ्या रानात वर्षानुवर्षे मोजल्या गेल्या. राव बहादूर ना. वि. कानिटकर यांनी हा अनुभव ‘ड्राय फार्मिंग इन इंडिया’ या ग्रंथात मांडला आणि परिषदेने तो 1944 साली प्रसिद्ध केला. पाऊस हुलकावणी देणाऱ्या मुलखातला अनुभव दुसऱ्या मुलखातल्या माणसाला उपयोगी पडला तो त्यामुळे. शेतावरच्या नोंदवह्या तशाच राहिल्या असत्या, तर ते ज्ञान शिवाराबाहेर गेले नसते.

आज परिस्थिती अशी की नोंदवह्या भरपूर आणि निबंध थोडे. पीएच.डी.चा प्रबंध सादर होतो, तोंडी परीक्षा होते, पेढे वाटले जातात आणि जाड पुठ्ठ्याची प्रत ग्रंथालयाच्या कपाटात जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2016 च्या नियमावलीत प्रबंध सादर करण्यापूर्वी एक निबंध छापून येणे आणि परिषदांमध्ये दोनदा सादरीकरण करणे सक्तीचे होते. 2022 च्या नियमावलीत ही सक्ती उठली. उठली ते बरेच झाले, कारण सक्तीमुळे निबंध वाढले तरी त्यांतले पुष्कळसे कोणी न वाचण्याजोगे होते. विद्यापीठांनी सुचवलेली जी नियतकालिके आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीत शिरली होती, त्यांची नमुना तपासणी भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली आणि 2018 साली ‘करंट सायन्स’मध्ये छापली. तपासलेल्यांपैकी 88 टक्क्यांहून अधिक नियतकालिके निकृष्ट निघाली. त्याच वर्षी आयोगाने यादीतली 4,305 नावे काढून टाकली.

या धक्क्यातून दोन गोष्टी निघाल्या आणि दोन्हींचे धागे पुण्यात आहेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात प्रकाशन-नैतिकतेचे केंद्र सुरू झाले आणि नियतकालिकांच्या ‘यूजीसी-केअर’ या नव्या यादीचे काम तिथून चालू लागले. ही यादी 2025 मध्ये आयोगाने बंद केली आणि नियतकालिक पारखण्याची जबाबदारी पुन्हा संस्थांवर आणि संशोधकांवर आली. दुसरी गोष्ट टिकली. पीएच.डी.च्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी ‘संशोधन आणि प्रकाशन नैतिकता’ हा दोन क्रेडिटचा, 30 तासांचा अभ्यासक्रम आला. त्याचे सहा भाग आहेत: तत्त्वज्ञान आणि नीतिशास्त्राला 3 तास, वैज्ञानिक आचरणाला 5, प्रकाशन-नैतिकतेला 7, मुक्त प्रकाशनाला 4, गैरप्रकारांना 4 आणि डेटाबेस व मोजमापांना 7. बेरीज बरोबर 30 भरते. या तीस तासांत चोरी कशी टाळावी, फसवी नियतकालिके कशी ओळखावीत, इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे काय, हे सगळे येते. प्रस्तावनेचा परिच्छेद कसा लिहावा याला एक तासही नाही. अभ्यासक्रम आवश्यकच आहे. पण तो वाहतुकीचे नियम शिकवतो, गाडी चालवायला नाही.

वैद्यकीय शाखेत आयसीएमआरच्या चेन्नईतील राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा मूलभूत संशोधनाचा ऑनलाइन अभ्यासक्रम पदव्युत्तर विद्यार्थ्यांना पूर्ण करावा लागतो. त्याचा भर अभ्यासाची रचना, नमुना आणि विश्लेषण यांवर आहे. लिखाणाच्या बाबतीत महाराष्ट्रातली जुनी परंपरा मुंबईची. परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालयाच्या स्टाफ सोसायटीने 1955 साली ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ सुरू केले. नियतकालिकाला पन्नास वर्षे होत आली तेव्हा, 2004 साली, वैद्यकीय लेखन आणि प्रकाशनावर त्यांनी मुंबईत आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. परिषदेचा विषय औषध नव्हता की शस्त्रक्रिया नव्हती. विषय लेखन होता. नियतकालिक चालवणाऱ्यांनीच लेखन शिकवण्याचा एक मोठा फायदा असतो. निबंध कशामुळे परत जातात हे त्यांनी रोजच पाहिलेले असते.

प्रशिक्षणाने खरोखर फरक पडतो का, याची तपासणी झालेली आहे. ऑस्ट्रेलियातल्या मॅकग्रेल, रिकार्ड आणि जोन्स यांनी प्राध्यापकांचे प्रकाशन वाढावे म्हणून केलेल्या उपायांच्या अहवालांचा एकत्र आढावा घेतला आणि तो 2006 साली प्रसिद्ध केला. लेखनाचे वर्ग, एकमेकांना मदत करणारे लेखनगट आणि लेखनाचा वैयक्तिक प्रशिक्षक या तिन्ही मार्गांनी निबंधांची संख्या वाढलेली त्यांना दिसली. अशा अभ्यासांना एक मर्यादा असतेच: वर्गात नाव घालणारे मुळातच उत्सुक असतात, आणि उत्सुक माणसाने वर्गाशिवायही काही लिहिलेच असते. तरी या प्रयत्नांमध्ये एक साम्य आहे. त्यांत लिहिणे घडत होते, आणि ते ठरावीक काळ घडत राहत होते.

आपल्याकडची नेहमीची कार्यशाळा याच्या उलट असते. सकाळी दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, शाल आणि पुष्पगुच्छ. मग चार व्याख्याने, मधे जेवण, शेवटी प्रमाणपत्रे आणि गटफोटो. शंभर-दीडशे लोक बसलेले असतात. ‘चांगला निबंध कसा लिहावा’ याच्या स्लाइड्स सगळ्यांच्या मोबाइलमध्ये जातात. त्या दिवशी कोणीही एक वाक्य लिहिलेले नसते. अशा कार्यशाळेचा अहवाल नॅकच्या फायलीला उपयोगी पडतो, ही गोष्ट वेगळी.

याच्या दुसऱ्या टोकाला ‘सॉर्ट-इट’ हा उपक्रम आहे. क्षयरोगावर काम करणारी ‘द युनियन’ ही आंतरराष्ट्रीय संस्था आणि ‘मेदसाँ साँ फ्राँतिये’ ही डॉक्टरांची संघटना यांनी 2009 मध्ये त्याची सुरुवात केली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने तो हाती घेतला. भारतातही त्याचे वर्ग झाले आहेत. सरकारी आरोग्ययंत्रणेत काम करणाऱ्या, पूर्वी फारसे न लिहिलेल्या माणसांसाठी तो आखला आहे. वर्गात साधारण बारा जण असतात. प्रत्येक जण स्वतःच्या कामातला प्रश्न घेऊन येतो. पहिल्या टप्प्यात आराखडा लिहायचा, दुसऱ्यात आकडे भरून विश्लेषण करायचे, तिसऱ्यात निबंध लिहायचा. टप्प्यांच्या मधे काही महिने असतात, कारण मधल्या काळात काम करायचे असते. प्रत्येक टप्प्याला ठरलेले लिखाण ठरलेल्या तारखेला द्यावेच लागते. न दिल्यास पुढच्या टप्प्यातली जागा जाते. शेवटच्या टप्प्यानंतर चार आठवड्यांत निबंध नियतकालिकाकडे पाठवलेला असला पाहिजे. ही शिस्त कडक वाटते, पण बहुतेक निबंध नाकारले जाण्याआधीच मरतात. ते पाठवलेच जात नाहीत.

सोलापूरसारख्या शहरात असा उपक्रम आखायचा झाला, तर पहिला निर्णय प्रवेशाचा. ज्याच्याकडे माहिती गोळा झालेली नाही त्याला निबंधलेखन शिकवून काही साधत नाही. त्याला संशोधनपद्धतीचा वर्ग हवा. प्रवेशअर्जातच तीन गोष्टी मागाव्यात: प्रश्न एका वाक्यात, मुख्य तक्ता किंवा आलेख, आणि गाइडची संमती. एका वाक्यात प्रश्न लिहिता न येणे हे नकाराचे कारण मानू नये. पहिला आठवडा तेवढ्यासाठीच असतो.

प्रबंधातून निबंध काढणे हे बहुतेकांचे खरे काम असते आणि अडचणही तिथेच येते. प्रबंधाने केलेले सगळे दाखवायचे असते. निबंधाने एकच गोष्ट पटवायची असते. उदाहरणादाखल, डाळिंबाच्या मृग, हस्त आणि आंबे या तिन्ही बहारांत तेल्याचे प्रमाण मोजणारा एखादा प्रबंध घेऊ. तेल्या हा झँथोमोनास या जिवाणूमुळे होतो आणि दमट, पावसाळी हवेत फोफावतो, त्यामुळे मृग बहाराला त्याचा फटका जास्त. पहिल्या मसुद्याची सुरुवात हमखास डाळिंबाच्या उगमापासून होते. मग देशातले क्षेत्र, राज्यातले क्षेत्र, निर्यात, फळातली जीवनसत्त्वे; रोगाचे नाव दुसऱ्या पानावर आणि प्रश्न तिसऱ्यावर. संपादकाला डाळिंब पौष्टिक असते हे सांगण्याची गरज नसते. या रोगाबद्दल आधीच काय ठाऊक आहे, कोणती गोष्ट ठाऊक नाही आणि प्रस्तुत काम त्यातली नेमकी कोणती भर घालते, एवढेच त्याला हवे असते. प्रशिक्षणातला सर्वांत उपयुक्त व्यायाम म्हणजे तीन पानांची प्रस्तावना तीन परिच्छेदांवर आणणे. तो करताना लोकांचा जीव तुटतो.

प्रस्तावना, साहित्य व पद्धती, निरीक्षणे, चर्चा हा साचा आता अटळ वाटतो, पण वैद्यकीय नियतकालिकांत तो सर्वत्र रुजला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच. वाचायचा क्रम तोच असला तरी लिहायचा क्रम तो नसावा. आधी तक्ते आणि आलेख पक्के करावेत, कारण निबंधाचा दावा त्यांच्यातच असतो. मग पद्धती लिहाव्यात. त्या ठाऊक असतात, म्हणून हात मोकळा होतो. नंतर निरीक्षणे, त्यानंतर चर्चा, मग प्रस्तावना, आणि गोषवारा व शीर्षक अगदी शेवटी. चर्चेला सर्वांत जास्त वेळ द्यावा लागतो. नवा लेखक चर्चेत निरीक्षणेच पुन्हा सांगतो आणि ‘हे अमक्याच्या निष्कर्षाशी जुळते’ अशी वाक्ये एकाखाली एक रचतो. जुळले नाही तर का जुळले नाही, याचा विचार त्यात नसतो. केईएमच्या परंपरेतले संपादक डॉ. संदीप बावडेकर यांनी निबंधाच्या एकेका भागावर भारतीय डॉक्टरांसाठी स्वतंत्र लेख लिहिले आहेत. चर्चेसारख्या एका भागालाही पूर्ण लेख लागतो, ही गोष्ट अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

वैद्यकीय निबंधांसाठी तयार तपासयाद्या आहेत. उपचारांची तुलना करणाऱ्या प्रयोगांसाठी 1996 ची ‘कन्सॉर्ट’, निरीक्षणात्मक अभ्यासांसाठी 2007 ची ‘स्ट्रोब’. त्या फुकट मिळतात आणि शिकवायला सोप्या आहेत. मात्र यादी निबंध लिहिण्याआधी नव्हे, अभ्यास सुरू होण्याआधी हातात पडावी. रुग्ण कसे निवडले याची नोंदच ठेवलेली नसेल, तर ती लेखनाच्या वर्गात निर्माण होत नाही.

भाषेचा प्रश्न सगळ्यांच्या तोंडी असतो. ‘इंग्रजी कच्चे आहे, म्हणून पेपर होत नाही,’ असे मराठी माध्यमातून आलेला संशोधक सांगतो आणि त्यात खोटे काही नाही. पण मसुदे वाचले की बऱ्याचदा दिसते ते असे: व्याकरण सुधारूनही परिच्छेदातून काय म्हणायचे आहे ते कळत नाही. म्हणून पहिल्या टप्प्यातल्या चर्चा मराठीत व्हाव्यात. स्वतःचे काम शेजारच्या विषयातल्या माणसाला दहा मिनिटांत मराठीत समजावून सांगता आले, की निबंधाचा सांगाडा उभा राहतो. त्यानंतर इंग्रजीत उतरवताना छोटी वाक्ये, एका परिच्छेदात एक मुद्दा आणि ठरलेले शब्द ठरलेल्या अर्थाने, एवढे पथ्य पुरते. ‘मराठीत बोललो तर विज्ञान हलके होते’ हा समज मोडणे हाही प्रशिक्षणाचाच भाग.

भाषा सुधारणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता प्रत्येकाच्या फोनमध्ये आहेत. त्यांच्यावर बंदी घालण्यात हशील नाही. वाक्य सफाईदार करायला ती चालतात. पण अस्तित्वातच नसलेले संदर्भ ती बेमालूम रचून देतात, आणि असा एक संदर्भ सापडला तरी सगळ्या निबंधावरचा विश्वास उडतो. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने 2023 मध्ये स्पष्ट केले की असे साधन लेखक होऊ शकत नाही आणि त्याचा वापर केला असेल तर तो सांगावा लागतो. याच समितीचे लेखकत्वाचे चार निकष वर्गात मोठ्याने वाचून दाखवण्यासारखे आहेत: कामात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा सुधारण्यात सहभाग, अंतिम प्रतीला संमती आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. चारही हवेत. विभागप्रमुख असणे हा पाचवा निकष नाही. हा विषय विद्यार्थ्यांसमोर काढला की गाइड मंडळी अस्वस्थ होतात; त्यांच्यासाठी वेगळे सत्र ठेवलेले बरे.

लिहिलेले वाचायचे कोणी, हा खर्चाचा आणि खरा प्रश्न. दोन लेखकांमागे एक मार्गदर्शक हे ‘सॉर्ट-इट’च्या धर्तीचे प्रमाण मानले, तर बारा जणांना सहा मार्गदर्शक लागतात. व्याख्यात्याला मानधन मिळते, प्रवासखर्च मिळतो. मसुदा चार वेळा वाचणाऱ्याला काहीच मिळत नाही. यावर अर्धा उपाय सहाध्यायींचा आहे: प्रत्येकाने दोघांचे मसुदे वाचून परीक्षकासारखा लेखी अभिप्राय द्यायचा. एक वाचक आपल्या विषयातला असावा, म्हणजे पद्धतीतल्या चुका पकडल्या जातात. दुसरा परका असावा, म्हणजे अस्पष्टता पकडली जाते. सोलापुरात हे सहज जमेल. डाळिंब केंद्रातल्या शास्त्रज्ञाचा मसुदा वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरने वाचायला या संस्थांमधले अंतर काही फार नाही. दुसऱ्याचा मसुदा तपासताना स्वतःच्या लेखनातले दोष जितके कळतात, तितके कोणत्याही व्याख्यानात कळत नाहीत.

नियतकालिकाची निवड, पाठवण्याचे पत्र आणि परीक्षकांना उत्तर हा भाग बहुतेक कार्यशाळांत शेवटच्या पंधरा मिनिटांत उरकला जातो. नव्या माणसाला घायाळ करतो तो नेमका हाच. परीक्षकाचे दोन पानी शेरे आले की कित्येक जण निबंध बाजूला ठेवतात तो कायमचा. वास्तविक दुरुस्ती मागणे म्हणजे दार उघडे आहे. प्रत्येक शेऱ्याला क्रमांक द्यावा, त्याखाली काय बदलले ते लिहावे, आणि जे बदलले नाही त्याचे कारण न रागावता सांगावे. खऱ्या शेऱ्यांची नावे झाकलेली प्रत घेऊन हा सराव एकदा जरी केला, तरी भीती बरीच कमी होते. फसवी नियतकालिके ओळखणेही इथेच शिकवावे. चार दिवसांत निबंध स्वीकारणारे आणि लगेच शुल्क मागणारे नियतकालिक कोणत्या वर्गातले हे सांगायला यादी लागत नाही.

उपक्रम यशस्वी झाला की नाही, हे शेवटच्या दिवशी भरून घेतलेल्या ‘उत्तम’, ‘अतिउत्तम’च्या फॉर्मवरून कळत नाही. सहा महिन्यांनी किती निबंध पाठवले गेले आणि दोन वर्षांनी किती छापून आले, एवढे दोनच आकडे पाहावेत. ते कमी आले तरी जाहीर करावेत.

अडसर शेवटी वेळेचा आहे. आयोगाच्या नियमाप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष शिकवायचे असते. दुसऱ्याचा मसुदा वाचण्याचे तास त्यात कुठेच धरले जात नाहीत. विद्यापीठांनी आणि महाविद्यालयांनी हे तास कामाच्या भारात धरावेत. आणि प्रमाणपत्र हजेरीवर देऊ नये. नियतकालिकाकडून निबंध मिळाल्याची पोच येते, ती दाखवल्यावरच द्यावे.